जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांतील बॅडमिंटन

आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघातर्फे (फिसू) दर दोन वर्षांनी भरणाऱ्या उन्हाळी विद्यापीठ स्पर्धांमधील बॅडमिंटन. या स्पर्धा पूर्वी ‘युनिव्हर्सियाड’ या नावाने ओळखल्या जात. पहिली युनिव्हर्सियाड 1959 मध्ये इटलीतील तुरिन येथे झाली. बॅडमिंटनला मात्र तिच्यात प्रवेश मिळायला 2007 ची बँकॉकची स्पर्धा उजाडावी लागली. तोवर विद्यार्थी खेळाडूंसाठी 1990 मध्ये सायप्रसमधील निकोसियात सुरू झालेली स्वतंत्र जागतिक विद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धा होती. शेन्झेन (2011), कझान (2013), ग्वांगजू (2015) आणि तैपेई (2017) येथेही बॅडमिंटन यजमानांच्या पसंतीचा ऐच्छिक खेळ म्हणूनच आले आणि 2019 मध्ये नेपल्सला ते वगळले गेले. 2021 ऐवजी 2023 मध्ये झालेल्या चेंग्डूच्या स्पर्धेपासून ते अनिवार्य खेळांत मोडते.

सुवर्णपदके सहा असतात. पुरुष व महिला एकेरी, दोन्ही गटांतील दुहेरी आणि मिश्र दुहेरी हे पाच वैयक्तिक प्रकार, आणि सहावा मिश्र सांघिक. गुणपद्धती जागतिक बॅडमिंटन महासंघाचीच, म्हणजे 21 गुणांच्या तीनपैकी दोन गेमची असून, 20-20 अशा बरोबरीनंतर दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते आणि 29-29 झाल्यास तिसावा गुण गेमचा निकाल लावतो. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते.

या स्पर्धेचे खरे आकर्षण मिश्र सांघिक प्रकार हेच म्हणावे लागेल. पाच वैयक्तिक प्रकारांची प्रत्येकी एक अशा पाच लढतींपैकी तीन जिंकणारा संघ पुढे जातो, त्यामुळे एखादा अव्वल एकेरीपटू संघात असला तरी तेवढ्याने भागत नाही. उलट दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा दोन्ही लढती पेलणारा खेळाडू संघाला अधिक उपयोगी पडतो. 2015 मध्ये ग्वांगजूला यजमान दक्षिण कोरियाने सहाही सुवर्णपदके जिंकली, त्यात शिन सेउंग-चान हिचा महिला दुहेरी, मिश्र दुहेरी आणि सांघिक अशा तीन पदकांत वाटा होता.

खेळाडू विद्यापीठात शिकत असलेला किंवा नुकताच पदवी घेतलेला असावा लागतो. वयाची कमाल मर्यादा पूर्वी 28 वर्षे होती, ती पुढे 25 वर आणली गेली. ‘विद्यार्थ्यांची स्पर्धा’ म्हटल्यावर दुय्यम दर्जाचा खेळ डोळ्यांसमोर येतो, पण बॅडमिंटनमध्ये तसे नाही. आशियातील अनेक व्यावसायिक खेळाडू विद्यापीठांच्या पटावर असतात. 2017 मध्ये तर तैपेईची स्पर्धा आणि ग्लासगोची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या. तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या तैवानच्या ताय त्झू-यिंगने ग्लासगोला न जाता मायदेशी खेळणे पसंत केले आणि महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळवले. पी. व्ही. सिंधू आणि नोझोमी ओकुहारा यांची 110 मिनिटांची अंतिम लढत झाली, ती ग्लासगोची स्पर्धा हीच.

पदक वितरणाच्या वेळी विजेत्या देशाचा ध्वज चढतो, पण राष्ट्रगीताऐवजी ‘गाउदेआमुस’ हे जुने लॅटिन विद्यार्थिगीत वाजवण्याचा या स्पर्धांचा प्रघात आहे.

भारताचा संघ भारतीय विश्वविद्यालय संघ या विद्यापीठांच्या संघटनेमार्फत पाठवला जातो. जर्मनीतील ऱ्हाइन-रूर भागात झालेल्या 2025 च्या स्पर्धेत भारताने मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकले. उपांत्य फेरीत त्याला चिनी तैपेईने (म्हणजे तैवानने) हरवले. या यशाला एक गालबोट लागले. सांघिक लढतींपूर्वी पथकाच्या व्यवस्थापकांनी खेळाडूंची नावे संयोजकांकडे द्यायची असतात आणि त्या यादीत नसलेल्याला कोर्टवर उतरता येत नाही. निवडलेल्या 12 खेळाडूंपैकी सहांचीच नावे रीतसर नोंदली गेली, आणि उरलेले सहा जण जर्मनीपर्यंत पोहोचूनही न खेळता परतले.