कांस आधी आखा, प्लॉट नंतर

पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या ओहोळाला बडोद्यातली मराठी माणसंही कांसच म्हणतात. भुखी कांस, रूपारेल कांस ही नावं गावाला पाठ आहेत. कांस वळणावळणाने जाते आणि टीपी स्कीममधला, म्हणजे नगररचना योजनेतला, फायनल प्लॉट (फेरवाटपात मिळणारा तुकडा) काटकोनात बसतो. भांडण इथेच सुरू होतं. 1976 च्या गुजरात नगररचना कायद्याप्रमाणे जमिनी एकत्र करून पुन्हा वाटल्या जातात. त्या वेळी कांस सरळ करून दोन कुंपणांमध्ये कोंबली, तर पाणी वेगाने खाली पोचतं आणि खालच्या सोसायटीत शिरतं. म्हणून उंचसखल पातळ्यांचा नकाशा प्लॉट पाडण्याआधी हवा.

हिशोब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर तासात 60 मिलिमीटर पाऊस पडला तर 600 घनमीटर पाणी होतं. शेत असताना त्यातलं साधारण 30 टक्के, म्हणजे 180 घनमीटर वाहून जातं. छपरं, डांबर आणि पेव्हर आले की 70 टक्के, म्हणजे 420. मधले 240 घनमीटर थोपवायला दीड मीटर खोल, 160 चौरस मीटरचं तळं लागतं. बाजू उतरत्या ठेवायच्या असल्याने 250 चौरस मीटर धरावेत. हेक्टरातली अडीच टक्के जागा. बिल्डर कुरकुरतो, पण बाग तिथेच करता येते.

खरी चूक बाहेर जाणाऱ्या पाइपात होते. तळं भरत आल्यावर 150 मिलिमीटरच्या तोंडातून सेकंदाला सुमारे 50 लिटर पाणी जातं, म्हणजे शेताच्या वेळचंच. ‘तुंबायला नको’ म्हणून कंत्राटदार 300 चा पाइप टाकतो. व्यास दुप्पट झाला की वाट चौपट होते. तळं भरतच नाही आणि कांस मात्र फुगते. तोंड लहानच ठेवावं, पुढे जाळी लावावी आणि वरून जादा पाणी जाण्यासाठी दगडी सांडवा द्यावा. तळं रस्त्यांच्या आधी खोदावं, म्हणजे बांधकामाचा गाळही तिथेच बसतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी पुनर्भरण विहीर मात्र काम संपेपर्यंत बंद ठेवावी. सिमेंटचं गढूळ पाणी एकदा आत गेलं की वाळूचा थर चोंदतो, आणि मग सगळी वाळू उपसण्यावाचून इलाज नाही.

31 जुलै 2019 ला बडोद्यात दिवसभरात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट 2024 मध्ये शहरातली विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर चढली. अशा पुराला हे तळं पुरत नाही. ते दरवर्षीच्या सरींसाठी आहे. मोठ्या पुरात उपयोगी पडतात ती नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, आणि खोलगट जमिनी. एक हेक्टर खोलगट जमीन मीटरभर भरली की 10,000 घनमीटर पाण्याची जागा गेली, डंपरच्या हजारेक खेपा मातीखाली. प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, उंच करायचीच असेल तर भर घरापुरतीच घालावी आणि तितकीच माती त्याच पूरक्षेत्रात, त्याच पातळीवरून काढावी. माती वरच्या टेकाडावरून आणली तर हा हिशोब जुळत नाही.

2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटरपासूनच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते. त्याखालचे ले-आउट सुटतात, आणि कांशीकाठी दाटी त्यांचीच असते. दहा लहान ले-आउटांचं पाणी शेवटी रस्त्याखालच्या एकाच मोरीतून जातं. तेव्हा मोरीचा आकार वरच्या सगळ्या क्षेत्रावरून ठरवायला हवा.

नदीकाठी मगरींचाही विचार करावा लागतो. विश्वामित्रीतल्या मगरी उन्हाळ्याच्या तोंडाला मातीच्या काठात अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या आधी बाहेर येतात. नेमके हेच महिने कंत्राटदाराला खोदाईसाठी सोयीचे वाटतात. फेब्रुवारी ते जून काठाला जेसीबी लावू नये; तिथलं काम पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात उरकावं. उभ्या काँक्रीट भिंतीऐवजी दोनास एक उतार ठेवून वाळा आणि करंज लावले की माती धरून राहते आणि बिळांनाही जागा उरते.