पेंद्या

पेंद्या (संतवाङ्मयात पेंधा असेही रूप) हा मराठी परंपरेतला कृष्णाचा लंगडा, बोबडा सवंगडी. कृष्ण दही-लोणी चोरतो, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवून दाण (जकात) मागतो, आणि या सगळ्या उचापतींत पेंद्या त्याच्या मागे असतो. पळता येत नसल्याने सापडतो मात्र तोच. मराठवाड्यात तो दोन ठिकाणी हमखास भेटतो: तमाशातल्या गौळणीत आणि सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनात.

भागवताच्या दहाव्या स्कंधात श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण अशी गोपांची नावे येतात. पेंद्या त्यांत नाही. तो मराठी अभंग-गौळणींचा आणि कीर्तनकारांचा. तरी त्याच्या निष्ठेला आधार देणारे दोन प्रसंग भागवतातच आहेत. बाराव्या अध्यायात गोपाळ अघासुराच्या जबड्यात शिरतात, तेव्हा बाहेर सुरक्षित उभा असलेला कृष्ण त्यांच्यामागे आत जातो. तेराव्या अध्यायात सगळे वर्तुळ करून जेवायला बसलेले असताना वासरे दिसेनाशी होतात. कृष्ण मित्रांना जेवण थांबवू देत नाही, हातातला घास तसाच घेऊन स्वतः शोधायला निघतो. घराघरांतून लोणी पळवणारा हा पोर ऐन वेळी मित्रांसाठी उठतो. काल्याचे कीर्तन याच खांबावर उभे असते, आणि जो कीर्तनकार नुसत्या चोरीच्या गमतीत रमतो त्याचा काला अर्धाच राहतो.

तमाशाचा ठरलेला क्रम गण (गणेशवंदना), गौळण (कृष्ण आणि गौळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य नाट्य) असा. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात, तिथे गौळण बघायला मिळते. पेंद्याचे काम बहुधा सोंगाड्याकडे असते आणि त्याची जुगलबंदी मावशीशी. मावशी म्हणजे डोक्यावरून पदर घेतलेला पुरुष नट, गौळणींची पुढारीण. त्यांचे बरेचसे संवाद जागेवरच सुचलेले असतात, म्हणून धागा आधी ठरवून घ्यावा: वाट अडवणे, दाण किती यावरून घासाघीस, मावशीने पेंद्याला फोडायचा प्रयत्न, मग कृष्णाचा प्रवेश. फोडण्याचा भाग खरा रंगतो. मावशी लोण्याचा गोळा दाखवते, पेंद्याची जीभ लवलवते. इथे नटाने उत्तराची घाई करू नये. ढोलकीवाल्याला थांबायची खूण द्यावी, लोण्याकडे बघावे, कृष्ण येणार त्या वाटेकडे बघावे आणि मगच नाही म्हणावे. पटकन दिलेल्या नकारात निष्ठा दिसत नाही. मोह झाला आणि तरी तो सोबत्याकडे राहिला, हे प्रेक्षकाला कळायला हवे.

लंगडण्याची तयारी आधीपासून लागते. कोणता पाय अधू ते ठरवून त्या गुडघ्याभोवती पंच्याची पट्टी गुंडाळावी, म्हणजे पाय आपोआप ताठ राहतो. फार आवळली तर पायाला मुंग्या येतात आणि पुढच्या वगात नट खरोखर लंगडतो. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. अधू पायाला खरा आधार तसाच मिळतो. नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे नाचताना पाय बदलणे. उजवा लंगडणारा पेंद्या तोड्यानंतर डावा लंगडायला लागला की मागच्या रांगेतली पोरेही ओरडतात. बोबडेपणासाठी एक-दोन ध्वनीच बदलावेत, जसे ‘र’चा ‘ल’ आणि ‘क’चा ‘त’. सगळेच उच्चार मोडले तर कोटी कळतच नाही, आणि कर्ण्यावर तर शब्दांचा लगदा होतो. हसू पेंद्याच्या भोळेपणातून आणि मावशीच्या तोऱ्यातून यावे. पायावर, जिभेवर विनोद करणारा नट हे पात्रच मारून टाकतो.

कीर्तनातला पेंद्या वेगळा, जास्त हळवा. अखंड हरिनाम सप्ताहाचे सात दिवस काकडा, ज्ञानेश्वरीचे पारायण, हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन झाल्यावर आठव्या दिवशी काला असतो. पैठणला नाथषष्ठीचा उत्सव फाल्गुन वद्य षष्ठीला सुरू होतो आणि अष्टमीला काल्याची हंडी फोडून संपतो. कीर्तनकार हमामा, हुंबरी, विटीदांडू हे खेळ रंगवतात, मग शिदोऱ्या सोडवतात. सगळ्यांची पक्वान्ने आणि पेंद्याकडे शिळे. इकडच्या कीर्तनात ते ज्वारीच्या भाकरीचे तुकडे होतात. लाजून मागे बसलेल्या पेंद्याची शिदोरी कृष्ण आधी मागून घेतो आणि सगळ्यांच्या अन्नात कालवतो.

प्रसादाचा कालाही त्याच भावनेने करतात. पन्नासेक माणसांना मूठ-मूठ पुरेल इतक्यासाठी अर्धा किलो ज्वारीच्या लाह्या, अर्धा किलो पातळ पोहे, दोन किलो दही, अर्धा किलो काकडी, पाव किलो हरभऱ्याची डाळ, शिवाय आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, लोणचे, मीठ आणि थोडी साखर धरावी. डाळ चार-पाच तास भिजवून निथळावी. काकडीला मीठ लावून ठेवू नये, पाणी सुटून काला पचपचीत होतो. पोहे आधी दह्यात मुरवावेत, मीठ आणि लाह्या मात्र कीर्तनकाराने हंडीचा अभंग धरला की घालाव्यात. कीर्तन लांबले आणि लाह्या आधीच पडल्या असतील तर त्यांचा चिखल होतो, मग त्याला उपाय नाही. सगळा काला हंडीतही भरू नये. मडके फुटले की खापरीचे कण प्रसादात येतात. म्हणून हंडीत शेर-दीड शेर घालून बाकीचा झाकलेल्या पातेल्यात ठेवतात आणि वाटायच्या वेळी हंडीतला मूठभर, बघून-निवडून, त्यात मिसळतात.