ऑपरेशननंतरची कॉट: पडून राहण्याच्या सल्ल्याचा इतिहास

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर येते आणि म्हणते, "चला आजोबा, पाय खाली सोडा बघू." हाताला सलाईन, लघवीची पिशवी कॉटला लटकलेली, टाके ताजे. बाकावर बसलेल्या आजी हवालदिल होतात. "अहो, कालच तर पोट फाडलंय, पडू दे की त्यांना!" वॉर्डात सगळे आजींना हसतात. पण शंभर वर्षांपूर्वी नावाजलेले सर्जन अगदी आजींच्याच मताचे होते.

तेव्हा त्यांच्याकडे कारणंही होती. १८४६ साली बोस्टनला ईथरची भूल यशस्वी झाली, १८६७ पासून लिस्टर या ब्रिटिश सर्जनने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा निर्जंतुक ठेवायची पद्धत मांडली आणि त्यानंतर सर्जन पोट उघडायला धजावू लागले. उघडलेलं पोट शिवायला मात्र बहुतेकदा कॅटगट असे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेला, शरीरात आपोआप विरघळणारा धागा. जखमेत पू झाला तर तो वेळेआधीच विरघळायचा. टाके सुटून पोट उघडं पडेल किंवा पुढे हर्निया होईल, ही भीती खरी होती. म्हणून दोन-तीन आठवडे उताणं पडून राहायचं.

दुसरी भीती गुठळीची. पायाच्या शिरेत गोठलेलं रक्त सुटून फुप्फुसात जाऊन अडकतं, हे फिर्शो या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं होतं. पंधरा दिवस निजून असलेला रोगी पहिल्यांदा उठायचा आणि तिथेच कोसळायचा. मग निष्कर्ष काढला जाई की उठल्यामुळे घात झाला, अजून पडून राहायला हवं होतं. मुळात पडून राहिल्यानेच गुठळीचा धोका वाढतो, हा उलटा धागा कुणाच्या हाती लागायला फार वेळ गेला.

त्या काळातलं आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. १९२४ च्या जानेवारीत येरवडा तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. ती खोली ससूनमध्ये स्मारक म्हणून जपलेली आहे. ही गोष्ट सांगताना सगळे कंदिलापाशी थांबतात, मला मात्र पुढचा भाग जास्त बोलका वाटतो. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. तुरुंग सुटला, पण दवाखाना सुटला नाही. ऑपरेशनला तीन आठवडे उलटले होते, तरी ते ससूनमध्येच राहिले. मार्चमध्ये ते समुद्राची हवा घ्यायला जुहूला गेले आणि मेअखेरपर्यंत तिथेच होते. पेनिसिलीन रुग्णांपर्यंत पोहोचायला अजून दोन दशकं होती, तेव्हा जखम आपल्या गतीनेच भरणार. विश्रांती तरी कसली! मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास कौन्सिल-प्रवेशाचा, म्हणजे काँग्रेसने कायदेमंडळात जावं की नाही हा वाद घेऊन तिथेच आले, एप्रिलमध्ये 'यंग इंडिया' या त्यांच्या साप्ताहिकाचं संपादनही सुरू झालं. भेटायला येणाऱ्यांची रीघ इतकी, की गर्दी करू नका असं जाहीर आवाहन करायची वेळ आली. घरात ऑपरेशन झालेलं माणूस असलं की ही रीघ काय असते, ते वेगळं सांगायला नको.

लवकर उठवा, असं म्हणणारे नव्हतेच असं नाही. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्येच, पोटाच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत उठवलेले रोगी चांगले राहतात, असं लिहिलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. डेट्रॉइटच्या लाइटहाउझर यांनी १९४० च्या सुमारास हाच आग्रह धरला, तेव्हा मात्र वेळ जुळून आली. दुसरं महायुद्ध पेटलेलं, खाटा अपुऱ्या, नर्सेस आघाडीवर. रोग्याला लवकर उभं करणं ही सोय झाली, आणि सोय म्हणून केलेलं औषधासारखं लागू पडतंय हे उघड झालं. शोधनिबंधांपेक्षा खाटांच्या टंचाईने वैद्यकाला शहाणं केलं, असं म्हटलं तरी चालेल. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाला खिळण्याचे तोटे एकेका अवयवागणिक खवचटपणे मोजून दाखवले.

पुढची मोठी उडी कोपनहेगनची. १९९० च्या दशकात तिथले सर्जन हेन्रिक केलेट यांनी विचारायला सुरुवात केली, की ऑपरेशन नीट झालेला माणूस आज दवाखान्यात नेमका कशासाठी आहे? उत्तरं साधी निघाली: दुखतंय, खाता येत नाही, नळ्या लावल्यात. मग पाठीतून भूल देऊन दुखणं आधीच आवरायचं, नळ्या लवकर काढायच्या, लवकर खायला द्यायचं आणि चालवायचं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे रोगी आठवडा-दहा दिवसांऐवजी दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. दुर्बिणीच्या ऑपरेशनने छेदच लहान केला. पित्ताशयाचं तसं पहिलं ऑपरेशन आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे.त डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केलं.

एक गोष्ट मात्र या कौतुकात मागे पडते. पूर्वी तीन आठवडे नर्स जे करायची, ते आता चौथ्या दिवसापासून घरच्यांना करावं लागतं. फुप्फुसं फुलवायला देतात ते तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते. घरी आल्यावर निम्मे लोक फुंकतच बसतात. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, हेही कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. त्यात 'भाताने टाक्यांत पू होतो' म्हणणाऱ्या आत्याबाई असतातच, आणि ज्याला ताकद भरून काढायची आहे तो पथ्याच्या नावाखाली उपाशी राहतो.

जुन्या भीतीतला एक भाग अजून खरा आहे. कातडीचे टाके आठ-दहा दिवसांत काढतात, पण पोटाच्या आतल्या थराला ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. चाला, जिना चढा, पण वजन उचलू नका, असं डिस्चार्ज कार्डावर लिहितात ते म्हणूनच. बाहेरून जखम कोरडी दिसली की माणूस पाण्याची भरलेली बादली उचलतो, आणि हर्निया घेऊन पुन्हा त्याच ओपीडीत येतो.