मेटासिक्वोया (डॉन रेडवुड)

शास्त्रीय नाव : मेटासिक्वोया ग्लिप्टोस्ट्रोबॉयडीझ; कुल : क्युप्रेसेसी. झपाट्याने वाढणारा, पानझडी सूचिपर्णी वृक्ष. मूळ स्थान मध्य चीनमधील पश्चिम हुबेई व लगतचा डोंगराळ प्रदेश.

शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये जीवाश्मांवरून ही प्रजाती (वंश, जीनस) प्रथम वर्णिली, तेव्हा ती केव्हाच नामशेष झाली असा समज होता. पण त्याच दशकात चीनमध्ये जिवंत झाडे हाती लागली आणि १९४८ मध्ये हू श्येनसू व झेंग वानजून या चिनी वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाच्या खर्चाने गोळा केलेले बी त्याच वर्षी अनेक देशांतील वनस्पतिउद्यानांत पोचले. मूळ अधिवासात संकटग्रस्त असलेला हा वृक्ष आज उद्यानांत सर्रास दिसतो, तो या वाटपामुळे.

खोड सरळ, आकार शंकूसारखा निमुळता. पाने मऊ, चपटी. ती आणि बारीक डहाळ्या समोरासमोर जोडीने येतात. दिसायला जवळच्या टॅक्सोडियम या वृक्षामध्ये त्या एकाआड एक असतात, त्यामुळे रोप विकत घेताना एक डहाळी निरखली तरी ओळख पटते. शरद ऋतूत पाने तांबूस-तपकिरी होतात आणि डहाळीसकट गळतात. निष्पर्ण झाड वाळले असे समजून तोडून टाकल्याचे प्रकार घडतात. डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी, खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

अनुकूल जागी तरुण झाड वर्षाला साठ ते नव्वद सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक वाढते. मोह पडतो तो याच वेगाचा, आणि लावणारे फसतातही इथेच. पूर्ण वाढलेला वृक्ष तीस मीटरच्या पुढे जातो, मूळ अधिवासात पन्नासपर्यंत. बुंधा तळाशी पसरतो. भिंतीलगत, विजेच्या तारांखाली किंवा छोट्या अंगणात तो लावू नये. मोठे उद्यान, तळ्याचा काठ, रुंद रस्त्याची दुतर्फा या त्याच्या खऱ्या जागा. चीनमध्ये कालव्यांच्या कडेने त्याच्या लांबच लांब रांगा आहेत.

भरपूर ऊन, खोल आणि ओलावा धरणारी, किंचित आम्लधर्मी जमीन त्याला मानवते. काही काळ पाणी साचले तरी तो तग धरतो. कोरडेपणा मात्र सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. म्हणून पहिली काही वर्षे नियमित पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती, पण खोडाला न टेकवता, आच्छादन पसरावे. हिवाळ्यात साधारण उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी तो सोसतो, परंतु पालवी लवकर फुटत असल्याने उशिराच्या हिमतुषारात कोवळे शेंडे जळतात. छाटणीची फारशी गरज नसते. खालच्या फांद्या उगाच काढू नयेत : त्या राहिल्या तर खोडावर खोल पन्हळी पडतात आणि फांद्यांच्या बगलेत खोलगट खाचा तयार होतात. जुन्या झाडाचे निम्मे रूप त्यात आहे.

एकट्या झाडाचे बी स्वपरागणामुळे बहुधा पोकळ निघते. त्यामुळे अभिवृद्धी मुख्यतः फाटे कलमाने (फांदीचे तुकडे रुजवून) करतात. कोवळे फाटे उन्हाळ्यात, पक्व फाटे हिवाळ्यात लावतात. पिवळ्या पानांचा ‘गोल्ड रश’ हा जपानी वाण आणि अरुंद बांध्याचा ‘शेरिडन स्पायर’ अशाच पद्धतीने टिकवले जातात. बियांपासून त्यांचे गुण तसेच उतरतील याचा भरवसा नसतो.