मनोधारणा-सत्रे, किशोरवयीनांसाठीची

किशोरवयीन मुलामुलींची चिंता हलकी व्हावी या हेतूने रचलेल्या आणि मोबाइलवर किंवा संगणकावर साधारण अर्ध्या तासात एकट्याने पुऱ्या करता येणाऱ्या ऑनलाइन कार्यक्रमांना मनोधारणा-सत्रे म्हणता येईल. ‘मनोधारणा’ हा शब्द येथे ‘माइंडसेट’ या अर्थी योजला आहे. आपला स्वभाव, बुद्धी आणि भावना बदलू शकतात की त्या जन्मभरासाठी ठरून गेल्या आहेत, याविषयी माणसाच्या मनात बसलेली समजूत म्हणजे मनोधारणा. बहुतेक सत्रे एकाच बैठकीची असतात आणि त्या वेळी समुपदेशक समोर नसतो.

या कल्पनेचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या संशोधनात आहे. बुद्धी ठरलेलीच असते असे मानणारी मुले अपयशानंतर लवकर हात टेकतात, असे त्यांना दिसले. पुढे हाच विचार स्वभावाला आणि भावनांना लावला गेला. मराठीत ‘स्वभावाला औषध नाही’ आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणी घरोघर इतक्या सहज बोलल्या जातात की, त्यांत एक मानसशास्त्रीय सिद्धान्त दडला आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘मी मुळातच भित्रा’ असे एकदा मनाने घेतले की मुलगा तोंडी परीक्षा चुकवतो, चुकवल्यामुळे तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि भीती सोसूनही काम निभावते हा अनुभव त्याच्या वाट्याला येतच नाही. चिंतेचे हे चक्र जिथे सुरू होते, त्या समजुतीलाच ही सत्रे हात घालतात.

सत्राची रचना ठरावीक असते. सुरुवातीला मेंदूतील पेशींची जोडणी सरावाने बदलते हे सोप्या भाषेत सांगितले जाते. मग थोड्या मोठ्या मुलांचे अनुभव वाचायला मिळतात. शेवटी आपल्यापेक्षा लहान, तशाच अडचणीत असलेल्या मुलाला पत्र लिहायचे असते. सत्राचा खरा जोर या पत्रावर आहे, कारण उपदेश ऐकणाऱ्यापेक्षा तो दुसऱ्याला समजावून सांगणारा अधिक बदलतो.

मराठीत सत्र आणायचे तर अडते ते नेमके याच ठिकाणी. कोल्हापुरातली मुलगी ‘मला चिंता वाटते’ असे क्वचितच म्हणेल. ती ‘टेन्शन आलंय’ म्हणेल, आणि घरात बोलताना ‘मी जाते’ऐवजी ‘मी जातो’ म्हणेल. उदाहरणादाखल, राधानगरीकडून दहावीसाठी शहरात राहायला आलेली मुलगी मनापासून लिहू लागली तर असे लिहील : ‘भाषणाला नाव पुकारलं की पाय लटपटायचं. अजून बी लटपटतंय, पण आता जातो मी, बोलून येतो.’ तिच्यापुढे ‘प्रिय मैत्रिणी, तू सक्षम आहेस’ असा पुस्तकी मजकूर ठेवला, तर ती तो धड्याखालच्या प्रश्नासारखा उरकून टाकील. भाषांतर अचूक असूनही सत्र फुकट जाते ते असे.

अलीकडच्या काही सत्रांत दुसरी एक कल्पना जोडली आहे : छातीतली धडधड आणि जलद श्वास ही शरीराने कामासाठी केलेली तयारीही असते. तालमीच्या गावाला ही गोष्ट नवी नाही. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात उतरण्यापूर्वी पैलवानाची छाती धडधडते, आणि त्याला कोणी आजारी समजत नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही कल्पना एकत्र करून सुमारे ३० मिनिटांचे सत्र तयार केले. त्यावरचे सहा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत अमेरिकेतील शालेय व महाविद्यालयीन मिळून ४,२९१ विद्यार्थी होते आणि २०२० च्या टाळेबंदीतील चिंतेची लक्षणेही या सत्राने कमी झालेली आढळली.

इतर पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. मानसशास्त्रज्ञ जेसिका श्लायडर आणि जॉन वाइझ यांच्या २०१८ च्या अभ्यासात १२ ते १५ वर्षांची ९६ मुले होती. नऊ महिन्यांनंतर पालकांच्या सांगण्यानुसार मुलांची चिंता कमी झाली होती, पण मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत तो फरक तितका स्पष्ट नव्हता. श्लायडर यांच्याच गटाने २०२२ मध्ये २,४५२ किशोरवयीनांवर केलेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर नैराश्याच्या लक्षणांवरील परिणामाचे मान (सत्र घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतला फरक किती मोठा, हे सांगणारा आकडा) ०.१८ आले, आणि ०.२ च्या आसपासचे मान लहानच समजले जाते. केनियातील ‘शामिरी’ या उपक्रमाच्या १०३ विद्यार्थ्यांवरील डिजिटल चाचणीतही नैराश्य उतरले, चिंतेबाबत मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. एकूण पाहता नैराश्याबाबतचा पुरावा चिंतेपेक्षा भक्कम आहे. तरीही अर्ध्या तासाच्या आणि जवळजवळ बिनखर्चाच्या कामाकडून एवढा परिणाम मिळणे क्षुल्लक मानता येत नाही, विशेषतः जिथे समुपदेशक गाठायला गगनबावड्याहून किंवा चंदगडहून एसटीने शहरात यावे लागते तिथे.

या सत्रांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुराचे पाणी घरात शिरलेल्या मुलाची धास्ती ही त्याच्या समजुतीची चूक नसते. ‘तू विचार बदल’ हे सांगणे अशा ठिकाणी मुलालाच दोषी ठरवते. चांगल्या सत्रात म्हणून परिस्थिती आणि तिला द्यायचे उत्तर यांतला फरक स्पष्ट केलेला असतो, आणि मोठ्यांची मदत मागणे हेही एक उत्तर म्हणून दाखवलेले असते.

व्यवहारातल्या अडचणी साध्या पण चिवट आहेत. घरात मोबाइल एकच असतो, तो वडिलांसोबत शेतावर किंवा इचलकरंजीच्या मागावर गेलेला असतो, आणि संध्याकाळी हाती आला तरी लिहिलेले पत्र भाऊ वाचणार नाही याची खात्री नसते. त्यामुळे शाळेच्या संगणक कक्षात, नाव न विचारता सत्र घेणे अधिक सोयीचे. अठरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. ती रास्त आहे, पण ज्याला घरी सांगायचेच धाडस होत नाही, असा मुलगा तिथेच मागे राहतो.

झोप उडणे, शाळेत जाणे बंद होणे, वारंवार घाबरण्याचे झटके येणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे अशी लक्षणे असतील तर सत्रावर विसंबू नये. तीव्र चिंतेवर, टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यास शिकवणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती अधिक परिणामकारक आहे आणि ती प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही.