घरच्या बिअरचा डबा आणि अबकारी खातं

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे स्थायिक झालेल्या मुंबईकरांच्या गॅरेजमध्ये बऱ्याचदा प्लास्टिकचं एक भलंमोठं पिंप दिसतं. पाहुण्याने चौकशी केली की यजमानाची कळी खुलते. ‘घरची बिअर आहे, या वेळी मध घातलाय.’ मग दादर-पार्ल्याहून गेलेल्या पाहुण्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: आपल्याकडे का नाही करत कुणी? उत्तर शोधायला गेलं की बिअरपेक्षा कराचाच इतिहास जास्त हाती लागतो.

आधी तो डबा काय असतो ते पाहू. प्रचलित किटमधला डबा १.७ किलोचा. आत काकवीपेक्षाही घट्ट असा तपकिरी पाक असतो. बार्लीला मोड आणायचे, ती वाळवून भरडायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची आणि तो अर्क हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा मिसळून आटवायचा, हे सगळं कारखान्यानेच उरकलेलं असतं. प्लास्टिकच्या झाकणाखाली यीस्टची पुडी. घरी करायचं ते एवढंच: पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, थंड पाणी ओतून २३ लिटर करायचं आणि वर यीस्ट भुरभुरवायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत एअरलॉकमधून, म्हणजे झाकणावरच्या एकेरी झडपेतून, बुडबुडे यायला लागतात. आठवडाभराने हायड्रोमीटर सोडून घनता मोजायची. १.०४० च्या आसपास सुरू झालेला आकडा १.०१० पर्यंत उतरला आणि दोन दिवस तिथेच राहिला, की बाटल्या भरायच्या. प्रत्येक बाटलीत थोडी साखर टाकायची, म्हणजे बूच लावल्यावर आतल्या आत वायू तयार होऊन फेस येतो. घाईने, आकडा स्थिरावायच्या आत बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. मधाची बिअर करायची तर साखरेच्या काही भागाऐवजी मध.

आता हा पाक बाजारात आला कसा? माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, अर्क एकोणिसाव्या शतकात शक्तिवर्धक म्हणून औषधाच्या दुकानात मिळायचा. त्याला बिअरच्या पिंपाची वाट दाखवली ती सरकारांनी. ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर उठवून तो थेट बिअरवर बसवला. मग घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागायला लागला. तो परवाना रद्द व्हायला १९६३ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला. अर्थमंत्री होते रेजिनाल्ड मॉडलिंग. त्यानंतर किटचा धंदा असा वाढला, की सत्तरच्या दशकात बूट्स या औषधविक्रेत्यांच्या दुकानांतूनही ती विकली जायची.

अमेरिकेची गोष्ट जास्त रंगतदार. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. बंद पडलेल्या बिअर कंपन्यांनी माल्टचा पाक डब्यात भरून विकायला सुरुवात केली, म्हणे पाव-बिस्किटांसाठी. त्यातले कित्येक डबे हॉप्स घातलेले असत. बिस्किटाला हॉप्स कोण घालतं, हा प्रश्न विकणाऱ्याने विचारला नाही आणि घेणाऱ्यानेही नाही. बंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, पण बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, अशी मर्यादा ठरली. तरी राज्यांचे कायदे वेगळे, त्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपीत परवानगी मिळायला २०१३ साल लागलं. ऑस्ट्रेलियाने सत्तरच्या दशकातच दार उघडलं होतं. तिथे बाटलीबंद बिअरवरची एक्साइज महागाईच्या हिशेबाने वर्षातून दोनदा वाढते, आणि घरी पिण्यापुरत्या केलेल्या बिअरला ती लागत नाही. डबा खपणारच.

मधाबद्दल लोकांची एक समजूत असते, की मध घातला म्हणजे बिअर गोड होणार. होतं नेमकं उलटं. मधात साधारण ८० टक्के साखर असते, तीही बहुतांश फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करतं. बिअर हलकी आणि कोरडी होते, अल्कोहोल वाढतं. फुलांचा सुवास हवेत उडून जाणारा, तो उकळताना जातो आणि उरलासुरला आंबताना सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर निघून जातो. म्हणून जाणकार मध उकळत नाहीत, आंबण्याचा पहिला जोर ओसरल्यावर घालतात. काही जण मधासारखा गोडवा देणारं खास भाजलेलं माल्ट वापरतात. ‘हनी’ लिहिलेल्या किटमध्ये नुसता स्वाद घातलेला असला तर त्यात लबाडीच असते असं मला वाटत नाही. खरा मध घालूनही ग्लासात मध लागेल याची खात्री कुठे असते?

या प्रकाराला सर्वांत मोठी प्रसिद्धी मिळाली ती व्हाइट हाउसमुळे. बराक ओबामांनी २०११ मध्ये स्वतःच्या खर्चाने घरगुती बिअरची सामग्री आणवली आणि तिथल्या खानसाम्यांनी हिरवळीवरच्या पोळ्यांतला मध घालून बिअर केली. कृती जाहीर करा, असा लोकांनी लकडा लावला. १ सप्टेंबर २०१२ रोजी ती खरंच जाहीर झाली: माल्टच्या पाकाचे दोन डबे आणि एक पौंड मध.

आपल्याकडे मध घालून आंबवणं हे काही पाहुणं शास्त्र नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं, म्हणजे मद्यखात्याच्या अधिकाऱ्याचं, अख्खं प्रकरण आहे. त्यातल्या आसवाच्या कृतीत कवठ, काकवीसारखं फाणित आणि मध येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुटुंबांना घरच्या कार्याच्या वेळी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा आहे. उत्सव-जत्रांना चार दिवसांची सूट आहे. म्हणजे घरगुती मद्याचा परवाना हा विचार त्या ग्रंथात पक्का बसलेला दिसतो. आसव-अरिष्टं तर आजही घरोघरी आहेत. गूळ, काही कृतींत मध, आणि आंबवायला धायटीची फुलं. द्राक्षासवाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून पाहा, ‘स्वयंजनित मद्यार्क’ असं लिहिलेलं सापडेल.

घरच्या मद्याशी मुंबई इलाख्याचं बिनसलं ते इंग्रजांच्या अमलात. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांवर झाडांमागे कर बसला आणि गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या मोडून मद्य गाळण्याचं काम उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या कारखान्यांकडे गेलं. ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं गोळा करण्या-साठवण्यावरही १८९२ मध्ये कायद्याने निर्बंध आले. नैतिकतेचा यात फारसा संबंध नव्हता. एका ठिकाणी गाळलं की मोजता येतं, मोजलं की कर लावता येतो.

नैतिकता आली ती काँग्रेसबरोबर. मुंबई इलाख्याच्या खेर मंत्रिमंडळात दारूबंदीचं काम डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात बंदी लागू झाली आणि बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तांवर नवा कर बसला. महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग बारगळला. पुढे मोरारजी देसाईंच्या आग्रहाने १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. या कायद्याची ‘मद्य’ ही व्याख्या अल्कोहोल असलेल्या प्रत्येक द्रवाला कवेत घेणारी होती. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवरच्या बंदीला कात्री लावली, बाकी कायदा बहुतांश शाबूत राहिला.

बंदीने मुंबईला काय दिलं हे जुन्या लोकांना विचारावं. हातभट्टी, काळा गूळ आणि नवसागर, टायरच्या ट्यूबमधून शहरात येणारा माल, आंटीच्या अड्ड्यावर उभ्याउभ्या मारलेली नवटाक. घरी आंबवण्याचं कौशल्य गेलं नाही, पण त्याला गुन्ह्याचा वास लागला. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळसाठी मनुका-आल्याची वाइन मुरायला ठेवतात, तेवढाच काय तो एक नितळ धागा टिकला. साठच्या दशकात परवाने सैल झाले, १९७३ च्या नियमांनी देशी दारूला अधिकृत दुकान मिळालं. पण १९४९ चा कायदा, आता महाराष्ट्राच्या नावाने, अजून जागेवर आहे.

म्हणून मुंबईत आजची परिस्थिती अशी: एकवीस पूर्ण असलेल्याला पाच रुपयांच्या एक दिवसाच्या परवान्यावर विदेशी मद्याच्या दुकानातून बिअर घेता येते, पण परवान्याशिवाय मद्य बनवणं कलम १२ खाली येतं, मग ते २३ लिटर स्वतःसाठी का असेना. कार्टरच्या कायद्यातली घरापुरती सूट आपल्या कायद्यात नाही. माल्टचा पाक हा स्वतः मद्य नव्हे, बेकरीवालेही तो वापरतात. पण मद्य बनवण्याच्या हेतूने बाळगलेली सामग्री आणि भांडी कायद्याच्या कक्षेत येतात. डबा बॅगेत घालून आणणाऱ्या पुतण्याला हे आधीच सांगितलेलं बरं.

शिवाय हवामान आहेच. किटमधलं नेहमीचं यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट चालतं. मे महिन्यात चेंबूरच्या खोलीत ३२ अंशांवर तेच यीस्ट उधळतं आणि बिअरला सॉल्व्हंटचा उग्र वास येतो, तो कितीही मध ओतला तरी झाकत नाही. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी जपलेलं क्वेइक नावाचं यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांतही साफ काम करतं. इतक्या थंड देशाकडे आपल्या उन्हाळ्याचं यीस्ट निघावं याची गंमत वाटते.

परवाना घेऊन करणाऱ्यांची वाट गेल्या दीड दशकात मोकळी झाली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळला बार्किंग डिअर. मधाच्या बाबतीतही पुढचं पाऊल पुण्यानेच टाकलं: मूनशाइन या कारखान्याने मधापासून आंबवलेलं मीड बाजारात आणलं, नाशिककडेही ते होऊ लागलं. महाबळेश्वरच्या सातेरी माश्यांचा जांभळाचा किंवा सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध बिअरच्या पिंपात घालावा का, हा प्रश्न त्यामुळे सध्या तरी परवानाधारक ब्रुअरनाच पडू शकतो. माझं मत विचाराल तर कारवीचा घालू नये. तो चमच्यानेच खावा.