बेंचटॉप सीएनसी मिल : छोट्या शॉपसाठी निवड आणि अपग्रेड

बेंचटॉप सीएनसी मिल म्हणजे दणकट टेबलावर नाहीतर छोट्या स्टँडवर बसणारं, कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं. वजन साधारण ५० ते २०० किलो, सिंगल फेजवर चालतं, आणि एक्स, वाय, झेड हे तिन्ही अक्ष हँडल फिरवून नाही तर मोटरने सरकतात. भोसरीत किंवा शिरोली एमआयडीसीत शेडशेडमधे उभं असलेलं व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, कारखान्यातलं मोठं सीएनसी मशीन) पण तत्त्वाने हेच करतं, फरक वजनाचा, तिथे बोलणं टनात असतं. कंट्रोलचं म्हणाल तर १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने न्यूमरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन दाखवलं तेव्हा कंट्रोलर व्हॅक्यूम ट्यूबचा होता, आज तेच काम एक जुना पीसी आणि तळहाताएवढं कार्ड करतं. कंट्रोल स्वस्त झाला, बीड, म्हणजे मशीनचं ओतीव लोखंडी अंग, मात्र झालं नाही, आणि सगळं गाडं तिथेच अडतं.

घ्यायचे रस्ते दोन. एक, चिनी बनावटीचं हाताने चालवायचं मशीन घेऊन त्याला सीएनसी करणं, म्हणजे सीगची एक्स२ किंवा एसएक्स३, अमेरिकेत ग्रिझलीच्या नावाने मिळणारी जी०७०४ वगैरे. दुसरा, टॉरमॅक या अमेरिकन कंपनीच्या पीसीएनसी ४४० सारखं तयार सीएनसी घेणं. पहिला रस्ता स्वस्त वाटतो खरा, पण त्यात मशीन दुरुस्त करणं हाच धंदा होऊन बसतो आणि गिऱ्हाइकाचा जॉब बाजूला राहतो, म्हणून महिन्याच्या महिन्याला माल द्यायचा असेल तर माझं मत तयार मशीनकडे झुकतं. शिकायला, प्रोटोटाइपला पहिला रस्ता उत्तम. आणि राउटरवाल्यांच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या मशीनला कोणी मिल म्हणून विकत असेल तर सरळ पुढे जावं.

निवडताना आधी बीड बघायचं, स्पीड नंतर. मोटर, टेबल सरकवणारा स्क्रू, मोटरला करंट देणारा ड्रायव्हर, कटर फिरवणारा स्पिंडल, सगळं बदलता येतं, कॉलम (उभा खांब) आणि बेड (खालचा पाया) बदलता येत नाही. जुन्या एक्स२ चा कॉलम तिरका करता यावा म्हणून एकाच मोठ्या नटावर बेसला बसवलेला आहे, एंडमिल (दांड्यासारखा कटर) जरा जोरात घातली की वरचं हेड मान हलवतं आणि जॉबवर लाटा उठतात. लोक त्याला मागून जाड प्लेट बोल्ट करतात, काहीजण पोकळ कॉलममधे इपॉक्सी आणि खडी भरतात. त्याने थरथर कमी होते हे खरं, पण ५० किलोचं मशीन २०० किलोचं होत नाही. डव्हटेलच्या (सरकायच्या तिरक्या खाचेच्या) गिब, म्हणजे ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या, नीट स्क्रॅप करून बसवल्या तर त्याचा फायदा कितीतरी जास्त, पण ते हाताचं काम आहे, पार्सलमधे येत नाही.

स्पिंडलचा हिशोब साधा आहे. ६ मिलिमीटरची कार्बाइड एंडमिल ॲल्युमिनियममधे मिनिटाला १५० मीटरने चालवायची तर आरपीएम लागतो जवळपास ८,०००, आणि जी०७०४ कंपनीतून निघते तेव्हा २,२५० ला थांबते. म्हणून पहिलं अपग्रेड बहुतेकजण गिअर काढून बेल्ट ड्राइव्ह टाकण्याचं करतात, पण बेल्टबरोबर बेअरिंग पण अँग्युलर कॉन्टॅक्टचे घालावे लागतात नाहीतर अर्ध्या तासात स्पिंडलला हात लावता येत नाही. स्पिंडलच्या तोंडात टूल बसवायचा टेपर आर८ जातीचा असलेला बरा, मोर्स टेपर अडकून बसतो आणि दरवेळी टूल काढायला ड्रॉबारवर (टूल वर ओढून धरणाऱ्या दांड्यावर) हातोडी मारायची हे प्रॉडक्शनमधे परवडत नाही.

स्क्रूबद्दल मात्र घोळ फार होतो. मूळ ट्रॅपेझॉइडल स्क्रूमधे खेळ (ढिलेपणा) असतो, तो सॉफ्टवेअरमधे भरून काढता येतो असं म्हणतात, आणि जागा दाखवण्यापुरतं ते खरंही आहे, पण क्लाइम्ब मिलिंग करताना कटर टेबलला स्वतःकडे ओढतो तेव्हा सॉफ्टवेअर त्याला धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे बॉलस्क्रू, म्हणजे नटात छर्रे फिरणारा स्क्रू, हवाच. साधारण मिळतो तो सी७ ग्रेडचा १६०५, म्हणजे १६ मिलिमीटर व्यास, ५ मिलिमीटर लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर), आणि ३०० मिलिमीटरला ५० मायक्रॉनपर्यंत चूक चालते. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, प्रत्येक स्टेपचे ८ मायक्रोस्टेप, म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. आता रॅपिड (न कापता पळायचा वेग) ५,००० मिलिमीटर प्रति मिनिट ठेवला की सेकंदाला २६,६०० च्या वर पल्स लागतात, आणि पीसीच्या जुन्या पॅरलल पोर्टवर माक३ या कंट्रोल सॉफ्टवेअरचं नेहमीचं सेटिंग २५,००० चं. मोटर बदलून बदलून लोक दमतात आणि दोष असतो पोर्टचा. इथरनेटचं मोशन कार्ड घातलं की हा प्रश्नच मिटतो, लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर फुकट आहे, टॉरमॅकचा पाथपायलट पण त्याच्यावरच बांधलेला आहे. बॅच काढायची असेल तर क्लोज्ड लूप (आपली जागा स्वतः तपासणारा) स्टेपर घ्या, साधा स्टेपर स्टेप चुकला तर गप्प राहतो आणि पुढचे सगळे नग भंगारात जातात, क्लोज्ड लूप निदान अलार्म देऊन थांबतो. शिवाय स्क्रू तापतो: ३०० मिलिमीटरचा स्टीलचा स्क्रू १० अंशांनी तापला की ३५ मायक्रॉनच्या आसपास वाढतो, म्हणून सकाळी पहिला नग काढायच्या आधी मशीन थोडा वेळ मोकळं पळवायचं.

पण खरा वेळ कटिंगमधे जातच नाही. समजा २० ब्रॅकेट करायचेत, प्रत्येकाला ४ टूल. एकेक नग व्हाइसमधे धरून केला तर ८० वेळा टूल बदलावं लागतं. फिक्स्चर प्लेटवर नग जागेवर बसवणाऱ्या डॉवेल पिन ठोकून एकदम १० नग लावले तर दोन लोडमधे फक्त ८ वेळा. यात मोटरचा, स्पिंडलचा काही संबंध नाही, एक प्लेट आणि थोडं डोकं. सॉफ्ट जॉ (व्हाइसचे मऊ धातूचे जबडे) त्याच मशीनवर कापून घेतले की दुसऱ्या बाजूचं सेटिंग पण पटकन होतं. त्यानंतर पॉवर ड्रॉबार, म्हणजे डिस्क स्प्रिंग टूल धरून ठेवतात आणि हवेचा सिलेंडर दाबून सोडतो, आणि टूल होल्डर असे घ्यायचे की ज्यांचा खांदा स्पिंडलच्या तोंडाला टेकतो, त्यामुळे लांबी एकदा मोजली की परत परत मोजावी लागत नाही. ऑटो टूल चेंजर या सगळ्याच्या नंतर, आधी नाही.

चिपचा बंदोबस्त कोणी विचारात घेत नाही. ॲल्युमिनियमची चिप कटरला चिकटली की कटर गेलाच, म्हणून हवेचा झोत किंवा कूलंट लागतो, आणि कूलंट आला की एन्क्लोजर, पंप, फिल्टर हे मागोमाग आलंच. आपल्याकडे जुने कारागीर ॲल्युमिनियमला रॉकेल लावतात, फिनिश सुंदर येतं, पण बंद खोक्यात मिस्ट करून ते उडवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

स्टीलचं काम रोज असेल, थ्री फेज आणि जागा असेल, तर अपग्रेडच्या बिलांची बेरीज करून एकदा जुन्या व्हीएमसीचा भाव काढावा, पुण्या-कोल्हापूरकडे सेकंडहँडचा बाजार मोठा आहे. नाहीतर स्टीलचे जॉब जॉबवर्कवाल्याला अवर रेटने देऊन टाकावेत आणि बेंचटॉपवर ॲल्युमिनियम, पितळ, डेलरिन (कडक प्लास्टिक) एवढंच ठेवावं.